वाट कोणी सोडावी?

माथेरानच्या लाल मातीच्या वाटेवर घोडेवाले, हातरिक्षा ओढणारे श्रमिक, पायी हिंडणारे प्रवासी आणि अलीकडे आलेल्या ई-रिक्षा यांच्यामध्ये जो तंटा गेली काही वर्षे धुमसत राहिला, आणि ज्याचा एक मोठा भाग सर्वोच्च न्यायालयाच्या ६ ऑगस्ट २०२५ च्या निकालाने मार्गी लागला असे समजले जाते, त्याच्याशी कळमेश्वरसारख्या संत्र्या-कापसाच्या तालुक्यातील माणसाला काय कर्तव्य आहे, असे कोणी विचारले तर तो प्रश्न अगदीच अवाजवी म्हणता येणार नाही. आमच्याकडे थंड हवेचे ठिकाण नाही. उन्हाळ्यात तर हवाच नाही, नुसती झळ आहे. घोडाही आता लग्नाच्या वरातीपुरता उरला आहे, आणि ज्या नागपूरच्या भोसल्यांच्या घोडदळाने एके काळी ओडिशापर्यंत मजल मारली त्या नागपूरच्या रस्त्यावर आज टांग्याचा घोडा दिसला तरी पोरे थांबून पाहतात. परंतु एकच अरुंद वाट, तिच्यावर निरनिराळ्या गतीने आणि निरनिराळ्या निकडीने चालणारी माणसे व जनावरे, त्या प्रत्येकाची आपलीच वहिवाट पूर्वापार आहे अशी अढळ समजूत, आणि या सर्वांत मध्यस्थी करणारा कोणीही जागेवर हजर नाही, ही जी माथेरानची स्थिती, ती आमच्या शिवारातल्या प्रत्येक पांदणीला तंतोतंत लागू पडते. म्हणून त्या दूरच्या डोंगरावरच्या कज्ज्याकडे येथून पाहण्यात काही औचित्य आहे असे मला वाटते.

माथेरानचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगायचा तर, ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० साली त्या डोंगरावर चढला, तेथील हवा त्याच्या मनास आली, आणि पुढे मुंबईच्या गोऱ्या व पारशी धनिकांनी तेथे बंगले बांधले. त्या काळी नेरळहून वर जायचे ते पायी, तट्टावर किंवा पालखीतून. १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने आपल्या पैशांनी बांधलेली छोटी आगगाडी सुरू झाली तरी घोड्याचे महत्त्व कमी झाले नाही, कारण मोटारींना वर मज्जावच राहिला. आणि ४ फेब्रुवारी २००३ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने माथेरान व भोवतालचा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला तेव्हा त्या मज्जावाला कायद्याचे पक्के अधिष्ठान मिळाले. मोटारीने येणाऱ्याने दस्तुरी नाक्यावर गाडी ठेवायची आणि तेथून गावापर्यंतचे सुमारे तीन किलोमीटर अंतर पायी, घोड्यावर, माणसाने ओढलेल्या रिक्षातून किंवा अमन लॉज स्थानकाहून सुटणाऱ्या छोट्या आगगाडीने जायचे, असा तेथला शिरस्ता पडला. २०२५ च्या निकालाच्या सुमारास परवानाधारक घोडे साडेचारशेहून अधिक होते, हातरिक्षा ९४. आणि यांच्या मिळकतीवर शेकडो घरांच्या चुली पेटत. मोटारबंदीचे जे पुण्य आपण सर्व पर्यटक फुकटात उपभोगतो त्याची वाहतुकीची बाजू एवढी वर्षे या लोकांनी आपल्या पायांवर आणि आपल्या जनावरांच्या पाठीवर सांभाळली, हे त्यांच्याविरुद्ध काही लिहिण्यापूर्वी नोंदवून ठेवले पाहिजे.

आता तक्रार काय आहे ते पाहू. सुटीच्या दिवशी दुपारी त्या वाटेने चालणारे एखादे कुटुंब डोळ्यांपुढे आणावे: आजीच्या हातात काठी, बापाच्या खांद्यावर पोर, आईच्या हातात पिशव्या. मागून टापांचा आवाज येतो. घोड्यावर उभ्या जन्मात रिकिबीत पाय न घातलेला कोणी तरुण एका हाताने खोगिराची कड आणि दुसऱ्या हाताने मोबाईल धरून बसलेला. लगाम धरून घोडेवाला बाजूने धावतो आहे, कारण या फेरीनंतर आणखी दोन फेऱ्या झाल्या तर आठवड्याचा चारा-चंदी निघणार आहे. तो "साईड, साईड" असे ओरडतो आणि कुटुंब गडबडीने जांभ्या दगडाच्या कडेला, बहुधा गटारातच, उतरते. घोडा गेल्यावर उरते ती डोळ्यांत जाणारी लाल धूळ, आणि पावसाळ्यात धुळीऐवजी लीद मिसळलेला चिखल. असे चार वेळा झाले की पायी चालणाऱ्याला ती वाट आपल्यासाठी नाहीच असे वाटू लागते. उलट घोडेवाल्याला विचारावे तर त्याची कैफियतही खोटी नसते: पोरे घोड्याच्या मागून धावत येतात, कोणी अचानक छत्री उघडतो, कोणी घोड्याच्या तोंडासमोर उभे राहून स्वतःचे छायाचित्र काढतो, आणि घोडा बुजून कोणाला लाथ बसली की गुन्हा मात्र घोडेवाल्यावर नोंदला जातो.

या रोजच्या कुरबुरींना मोठ्या तंट्याचे रूप आले ते वाटेच्या फरसबंदीवरून. माथेरानची माती पावसाने वाहून जाते, ती टिकावी आणि वृद्ध, रुग्ण व शाळकरी मुले यांना चालणे सुकर व्हावे म्हणून नगर परिषदेने मातीचे पेव्हर ब्लॉक बसविण्यास आरंभ केला. घोडेवाल्यांनी हरकत घेतली की लोखंडी नाल मारलेला खूर या गुळगुळीत ठोकळ्यांवर घसरतो, घोडा पडतो आणि स्वारही जखमी होतो. आणि शिवाय, हा सारा खटाटोप उद्या यंत्रवाहने आणण्याची पूर्वतयारी आहे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, २०२३ मध्ये या कामाला स्थगिती मिळाली. त्यापूर्वी न्यायालयाच्याच परवानगीने डिसेंबर २०२२ मध्ये सात ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर धावू लागल्या होत्या, आणि दप्तर पाठीला लावून मैलोन्‌मैल चालणाऱ्या मुलांना काही दिवस तरी शाळेला जाण्याचा सुखाचा अनुभव आला. घोडेवाल्यांच्या पहिल्या हरकतीत मला तथ्य दिसते, दुसरीत भय दिसते, आणि उपजीविकेच्या भयाची टवाळी करण्याचा अधिकार महिन्याच्या पहिल्या तारखेस ज्याचा पगार बिनचूक जमा होतो अशा आपल्यासारख्यांना तर मुळीच नाही. तथापि, सार्वजनिक वाट कोणत्या अवस्थेत राहावी हे ठरविताना ती ज्या अवस्थेत एका धंद्याला सोयीची असते तीच अवस्था सर्वांवर लादता येते, हे मात्र मान्य करणे कठीण आहे. जनावराच्या खुराला धरेल असा खरखरीत पृष्ठभाग, चढ-उताराच्या जागी मातीची राखीव पट्टी, असे मार्ग शोधण्यास वाव होता. पण वाटाघाटीला बसण्यापूर्वीच दोन्ही पक्षांनी वकील गाठले.

मार्च २०२५ मध्ये तर माथेरानच्याच लोकांनी गाव बंद ठेवले. दस्तुरीवर उतरलेल्या पाहुण्याला "गाडी बंद आहे, ई-रिक्षा मिळत नाही, पायी वाट फार लांब आहे" असे खोटेच सांगून घोड्यावर किंवा हातरिक्षात बसविले जाते, अव्वाच्या सव्वा भाडे उकळले जाते आणि त्यामुळे गावाची बदनामी होते, ही बंद पुकारणाऱ्यांची तक्रार होती. १८ मार्चला बंद सुरू झाला, प्रशासनाने आश्वासने दिली, आणि दुसऱ्याच दिवशी तो मागे घेतला गेला. येथे ध्यानात घेण्यासारखे हे की घोड्याविरुद्ध ही फिर्याद बाहेरच्या कोणा प्राणिमित्राची किंवा शहरी पर्यटकाची नव्हती. हॉटेलवाले, दुकानदार, रहिवासी, म्हणजे त्याच डोंगरावर त्याच पर्यटकाच्या आधारावर जगणाऱ्या शेजाऱ्यांची ती होती. नाक्यावर दरपत्रकाचा ठळक फलक, माहिती देणारा नगर परिषदेचा एक कारकून आणि पावती फाडण्याची सक्ती, एवढ्या तीन गोष्टींनी जे काम झाले असते त्यासाठी सबंध गावाला दुकाने बंद करून बसावे लागले.

सहा ऑगस्टच्या निकालाकडे वळू. तो देणाऱ्या पीठाचे अध्यक्ष, तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई, आमच्या अमरावतीचे आणि नागपूरच्या खंडपीठात वकिली केलेले, याचा वऱ्हाड-नागपूरकरांना थोडासा अभिमान वाटला तर तो क्षम्य समजावा. माणसाने माणसाला ओढण्याची प्रथा मानवी प्रतिष्ठेला काळिमा आहे, १९८० साली पंजाबातील सायकलरिक्षावाल्यांच्या खटल्यात न्यायालयाने याविषयी लिहून ठेवल्यास ४५ वर्षे उलटली तरी ती चालू राहावी हे लाजिरवाणे आहे, असे म्हणून न्यायालयाने सहा महिन्यांच्या आत हातरिक्षा बंद करण्याचा हुकूम दिला; गुजरातेत केवडिया येथे आदिवासी स्त्रियांना ई-रिक्षा देण्याचा जो उपक्रम झाला त्याच्या धर्तीवर शासनाने ई-रिक्षा विकत घेऊन त्या प्रथम या श्रमिकांना भाड्याने द्याव्यात असे सांगितले; आणि निधी नाही ही सबब चालणार नाही असेही बजावले. फरसबंदीपुरते म्हणायचे तर दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर ब्लॉक बसविण्यास मुभा मिळाली, मात्र खाली काँक्रीटचा थर नको आणि आतल्या वाटांवर व भटकंतीच्या पायवाटांवर ब्लॉक नकोत, अशी मर्यादाही पडली. म्हणजे न्यायालयाने वाटांचे दोन वर्ग केले. एक सर्वांच्या सोयीचा, दुसरा मातीचा. हा विवेक मला फार मोलाचा वाटतो. पण पहिल्या वर्गाच्या वाटेवर घोडा, ई-रिक्षा आणि पायी चालणारा एकाच वेळी समोरासमोर आले तर कोणी थांबायचे, हे न्यायालयाने ठरविलेले नाही, आणि ते काम न्यायालयाचे आहे असेही मी मानत नाही.

तो निर्णय करण्यापूर्वी घोडा म्हणजे काय प्रकरण आहे हे थोडे समजून घेतले पाहिजे, कारण वाटेवरचे बहुतेक अपघात द्वेषाने न होता अज्ञानाने होतात. घोडा हा मुळात शिकार होणारा प्राणी. झुडपात काही हलले की आधी पळावे आणि मग विचार करावा, ही लक्षावधी वर्षांची शिकवण त्याच्या रक्तात आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ चोहीकडचे दिसते, पण नेमके पाठीमागचे आणि कपाळाच्या अगदी पुढचे दिसत नाही. म्हणूनच मागून निःशब्द येणारी वस्तू त्याला लांडग्यासारखी भासते. पूर्वी मागून येणारा माणूस बोलत येई, बैलगाडीच्या घुंगरांचा नाद दुरूनच कानी पडे, मोटारीचा घरघराट तर मैलभर आधी ऐकू येई. विजेवर चालणारी ई-रिक्षा मात्र आवाज न करता अगदी जवळ येऊन ठेपते, आणि जे वाहन धूर व गोंगाट करीत नाही म्हणून आपण त्याचे गुणगान गातो तेच घोड्याच्या दृष्टीने सर्वांत भयंकर ठरते. घोडा बुजला की तो अवजड देह कोणत्या दिशेला जाईल हे लगाम धरणाऱ्याच्या हाती राहत नाही. ज्याला हे ठाऊक आहे तो घोड्याच्या मागून जाताना शांतपणे काही बोलतो, "येऊ का पुढे?" असे विचारतो, उताराच्या बाजूला सरून उभा राहतो, आणि हातातली छत्री त्याच क्षणी उघडत नाही.

परदेशात जेथे घोडा हा छंदाचा विषय आहे तेथे या ज्ञानाचे नियम झाले आहेत. इंग्लंडमध्ये ब्रिडलवे नावाच्या वाटा शतकानुशतके पायी चालणाऱ्यांच्या आणि घोडेस्वारांच्या. १९६८ च्या कायद्याने सायकलवाल्यांना त्यांवर प्रवेश मिळाला तो या अटीवर की पादचारी आणि घोडेस्वार या दोघांनाही त्यांनी वाट दिली पाहिजे. अमेरिकेतील डोंगरवाटांवर त्रिकोणी फलक असतो: सायकलने दोघांना वाट द्यावी, पायी चालणाऱ्याने घोड्याला द्यावी. मागून आलेल्याने आधीच्यांचा मान राखावा, ही इंग्लंडच्या नियमाची रीत. जनावराच्या भयाला माणसाच्या समजुतीने सामावून घ्यावे, ही अमेरिकेच्या नियमाची. दोन्ही शहाणपणाच्याच. पण त्या वाटांवर घोड्यावर बसणारा बहुधा सधन हौशी मनुष्य असतो आणि घोडा त्याच्या स्वतःच्या मांडीखालचा असतो. माथेरानचा घोडेवाला स्वतः पायी धावतो आणि बसतो तो दुसराच कोणी, ज्याला लगाम कसा धरावा हेही माहीत नाही. त्या नियमांची नुसती नक्कल आपल्याला पुरणार नाही.

आपल्याकडे या विषयावर काहीच विचार झाला नव्हता असेही नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात रथाची वाट पाच अरत्नी, गुरांची चार आणि शेळ्यामेंढ्या व माणसे यांची दोन अरत्नी रुंद असावी असे मोजमाप दिले आहे. अरत्नी म्हणजे सुमारे दीड फूट. त्याच ग्रंथात वाट अडविणाऱ्यास दंड सांगितला आहे: लहान पशू व मनुष्यांची वाट अडविल्यास बारा पण, मोठ्या जनावरांची अडविल्यास चोवीस, हत्तीची किंवा शेताकडे जाणारी अडविल्यास चोपन्न. शेताची वाट हत्तीच्या वाटेइतकी मोलाची मानणारा तो कारभारी आजच्या आमच्या तहसिलीत असता तर किती बरे झाले असते! मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात वाट कोणाला द्यावी याची यादी आहे. तीत नव्वदी उलटलेला वृद्ध, रोगी, डोक्यावर भार असलेला, स्त्री, राजा आणि नवरदेव ही मंडळी आहेत, पण सर्वांच्या आधी नाव आहे ते चाकाच्या वाहनात बसलेल्याचे. त्या ग्रंथाशी माझे भांडण इतर अनेक कारणांसाठी आहे. या यादीतही रोग्याच्या आणि ओझेवाल्याच्या आधी गाडीवाला यावा हे मला पटत नाही, आणि आमच्या रस्त्यांकडे पाहता त्या यादीतले पहिले नाव तेवढे समाजाच्या स्मरणात राहिले असे दिसते.

तरीही घोडा आणि पायी चालणारे यांचे सहजीवन महाराष्ट्राला अपरिचित आहे असे म्हणवत नाही. आमच्या तालुक्यातील धापेवाड्याला विदर्भाची पंढरी म्हणतात आणि आषाढात तेथे चंद्रभागेकाठी पायी येणाऱ्यांची दाटी होते, त्यामुळे वारीची गोष्ट येथे वेगळी समजावून सांगण्याचे कारण नाही. आळंदीहून निघणाऱ्या माउलींच्या पालखीबरोबर अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व चालतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो, दुसरा माउलींचा म्हणून रिकामा असतो. चांदोबाच्या लिंबाला उभे रिंगण होते, म्हणजे हजारो वारकरी वाटेच्या दोन कडांना उभे राहतात आणि त्यांच्या मधून ते दोन घोडे भरधाव जातात. पुढे इतर ठिकाणी गोल रिंगणे होतात. म्हातारी माणसे, डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या बाया, कडेवर लेकरे, आणि मध्ये उधळल्यासारखा धावणारा घोडा. कागदावर लिहिले तर कोणताही पोलीस अधिकारी त्याला परवानगी देणार नाही. ते पार पडते कारण घोडा सुटण्यापूर्वी जागा मोकळी झालेली असते, दिंड्यांचा क्रम ठरलेला असतो, चोपदाराने चोप उंचावला की टाळ थांबतात आणि लाखांचा समुदाय गप्प होतो, आणि घोडा निघून गेल्यावर त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावण्यासाठी माणसे त्याच वाटेवर धावून जातात. श्रद्धेचा भाग आहेच. पण श्रद्धेखाली शिस्तीचा जो पक्का पाया आहे त्याकडे आपले लक्ष जात नाही. दस्तुरी नाक्यावर चोपदार नाही, हे माथेरानचे खरे दुखणे आहे.

या दुखण्यावर दोन उपाय नेहमी सुचविले जातात. एक म्हणजे बंदी. मुंबईत जून २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने हौसेखातर चालणाऱ्या व्हिक्टोरिया नावाच्या घोडागाड्या बेकायदा ठरविल्या आणि वर्षभरात त्या बंद करण्यास व गाडीवान-घोड्यांच्या पुनर्वसनाची योजना आखण्यास सांगितले. व्हिक्टोरिया बंद झाल्या, पुनर्वसनाचा प्रश्न मात्र रेंगाळला. घोड्यांचे हाल थांबले याचा आनंद मानूनही, जी योजना आधी व्हावयास हवी ती मागून होते तेव्हा तिचा भार नेहमी दुबळ्यावर पडतो, हे विसरता येत नाही. दुसरा उपाय वाटा वेगळ्या करण्याचा. वैष्णोदेवीला २०१८ मध्ये ताराकोट मार्ग खुला झाला, त्यावर घोडे व खेचरे यांना प्रवेश नाही, आणि जुन्या वाटेवर खेचरांच्या धक्क्यांनी हैराण होणाऱ्या यात्रेकरूंना त्यामुळे पुष्कळ आराम पडला. जेथे जागा आणि पैसा आहे तेथे हा उपाय उत्तमच. माथेरानच्या अरुंद, झाडांनी व्यापलेल्या माथ्यावर दुसरा रस्ता काढायचा म्हणजे ज्या अरण्यासाठी मोटारी अडविल्या त्याच अरण्यावर कुऱ्हाड चालवायची.

माझे मत असे की तेथे घोडा राहावा, ई-रिक्षाही राहावी, आणि पायी चालणाऱ्याचा अधिकार सर्वांत वरचा आहे हे नगर परिषदेने ठरावाने जाहीर करावे. ज्याच्यापाशी वेग किंवा बळ अधिक त्याच्यावर थांबण्याची जबाबदारी अधिक, हे त्यातले मूलतत्त्व. ई-रिक्षाने घोडा समोरून येताना दिसताच उभे राहावे, आणि मागून जायचे असल्यास घंटा दुरून वाजवावी, जवळ येऊन नव्हे. गजबजलेल्या टप्प्यात घोड्याने चालीनेच चालावे. दौड मारण्याची हौस असलेल्यांसाठी आतल्या मातीच्या वाटांवर ठराविक वेळ राखून ठेवावी. पायी चालणाऱ्याने घोड्याचा स्वभाव जाणून बाजूला व्हावे, पण ते शहाणपणाने, ओरडा ऐकून गटारात उतरून नव्हे. आणि हे पाळले जाते की नाही हे पाहण्यास नाक्यापासून बाजारपेठेपर्यंत दोन-तीन माणसे पगारावर नेमावीत. घोडेवाल्यांमधूनच नेमली तर अधिक चांगले, कारण कोणता घोडा बुजरा आहे आणि कोणता घोडेवाला उतावळा आहे हे त्यांना आपल्याहून जास्त कळते. दंडाची तरतूद कायद्यात आहेच: जनावराबाबत हयगय करून दुसऱ्याच्या जीवास धोका निर्माण करणाऱ्यास भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. पण तो दंड शेवटची पायरी म्हणून असावा. आज तो पहिल्या आणि शेवटच्या अशा दोन्ही पायऱ्यांच्या जागी आहे, मधल्या पायऱ्याच नाहीत.

आता आमच्या पांदणीकडे येतो. भाद्रपदात काळ्या मातीची पांदण पाहिलेल्याला वर्णनाची गरज नाही आणि न पाहिलेल्याला वर्णनाने कळणार नाही. तरी एवढे सांगतो की दोन्ही बाजूंना बाभळी, ट्रॅक्टरच्या चाकांनी पाडलेल्या गुडघाभर चाकोऱ्या, आणि धुरा वाढवत वाढवत दोन्हीकडच्या वावरवाल्यांनी एकेक तास नांगर आत घातल्यामुळे मूळच्या रुंदीच्या निम्म्यावर आलेली वाट, एवढे तिचे वैभव. सकाळी आखरावरून सुटलेली ढोरे तिने जातात, निंदणाला निघालेल्या बाया डोक्यावर डबे घेऊन तिने जातात, बंडी तिने जाते, आंबिया बहराच्या वेळी संत्र्याचे कॅरेट भरलेले छोटे मालवाहू टेम्पो तिने जातात, आणि पाळी बदलण्याच्या सुमारास एमआयडीसीतला तरुण कामगार आपली दुचाकी तिच्यावरूनच दामटतो, कारण डांबरी सडकेने गेले तर वळसा पडतो. मागून हॉर्न वाजला की बंडीचा बैल चाकोरी सोडून काठावर चढतो, जू वाकते, बंडी एका चाकावर कलते. बंडीवाला शिवी देतो, दुचाकीवाला तिचे उत्तर देऊन निघून जातो. माथेरानात जे घोड्याबाबत घडते तेच येथे बैलाबाबत घडते, फक्त तेथे पर्यटक असतात म्हणून त्याची बातमी होते.

या दुचाकीवाल्याला बहुधा ठाऊक नसते की मोटार वाहन कायद्याच्या १३२ व्या कलमान्वये, आपले जनावर बुजून अनावर होईल अशी धास्ती ज्याला वाटते त्या जनावराच्या धन्याने थांब म्हटले तर वाहनचालकाला थांबावेच लागते. बंडीवाल्यालाही ते ठाऊक नसते. आणि पांदण अडविली गेल्यास मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या पाचव्या कलमाखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते, बांधावरून वाट मिळविण्यासाठी जमीन महसूल संहितेचे १४३ वे कलम आहे, हे माहीत असणारे पुष्कळ आहेत. पण त्या दरखास्तींचा निकाल लागेपर्यंत दोन हंगाम निघून जातात आणि दोन भाऊ एकमेकांच्या दारी जाणे बंद करतात.

विदर्भाला या बाबतीत एक जुना वारसा आहे, तो आपण वाऱ्यावर सोडला. मालगुजारीच्या अमलात बंदोबस्ताच्या वेळी गावोगावच्या रिवाजांचा वाजिब-उल-अर्ज तयार होत असे. गुरे कोठून पाण्यावर जातील, जळणाची वाट कोणती, कोणाच्या वावरातून कोणाला जाण्याचा रिवाज आहे, हे त्यात टिपलेले असे. मालगुजारी जुलमी होती आणि ती गेली ते योग्यच झाले. परंतु पुढे जमीन महसूल संहितेतही निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांची कलमे कायम राहिली, १६५ व्या कलमात वहिवाटीच्या वाटेची नोंद करण्याची जबाबदारी कलेक्टरवर स्पष्ट शब्दांत टाकलेली आहे, आणि तरीही आपल्या गावचा वाजिब-उल-अर्ज पाहिला आहे असे सांगणारा मनुष्य शोधून सापडत नाही. २०२५ च्या मे महिन्यात शासनाने शेतरस्ते किमान तीन ते चार मीटर रुंद असावेत आणि त्यांची नोंद सातबाराच्या इतर हक्कांत व्हावी असा निर्णय काढला. निर्णय चांगला आहे. त्याचा सारा रोख मात्र यंत्राकडे आहे: ट्रॅक्टर जाईल, हार्वेस्टर जाईल, मालाची गाडी जाईल. रुंद आणि खडी टाकलेल्या पांदणीवर वेग वाढेल, आणि त्या वेगापुढे ढोरे व डोईवर डबा घेतलेली बाई कोठे उभी राहील याविषयी कागदावर एक ओळही नाही.

म्हणून कळमेश्वर तहसिलीत या नोंदी होतील तेव्हा नुसती रुंदी न लिहिता वहिवाट कोणाकोणाची हेही लिहावे. गुरांची वाट म्हणून चालत आलेल्या पांदणीला एका कडेने मातीची पट्टी खडीविना सोडावी, कारण नाल मारलेल्या बैलाचा खूरही खडीवर सोलवटतो. आणि ज्या पांदणी कामगारांची जवळची वाट झाल्या आहेत त्यांच्या तोंडाशी ग्रामपंचायतीने जनावरे व पायी चालणारे यांना आधी वाट, असा फलक लावावा. मोजणीच्या दिवशी, ज्याला शासन आता ग्राम महसूल अधिकारी म्हणते आणि आमच्याकडे अद्याप पटवारीच म्हणतात, त्याने दोन्ही बाजूंच्या वावरवाल्यांबरोबर गावच्या गुराख्यालाही बोलवावे. नोटीस सातबारा असणाऱ्यांनाच जाते, आणि गुराख्याचे नाव कोणत्याच सातबारावर नसते.